तार आमची, चॅनेल कोणाचे? केबल डिजिटल होतानाचा आमचा अनुभव

पश्चिम महाराष्ट्रातील नगरपरिषद असलेल्या एका तालुक्याच्या गावात माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, १९९४ साली केबलचा व्यवसाय सुरू केला. २०१२च्या सुमारास त्याची हिशेबाची आणि कागदपत्रांची बाजू माझ्याकडे आली. त्यानंतर अ‍ॅनालॉग केबल जाऊन डिजिटल केबल आली, गावचे स्थानिक चॅनेल बंद पडून पुन्हा वेगळ्या नावाखाली सुरू झाले आणि शेवटी नोंदणीही अण्णांकडून माझ्याकडे आली. आजही छोट्या केबलचालकांच्या घरांतील मंडळी मला फोन करून हेच प्रश्न विचारतात, म्हणून हा सगळा प्रवास तारीखवार लिहून ठेवते आहे.

आधीची व्यवस्था कशी होती, ते थोडक्यात सांगावे लागेल. आमच्या घराच्या माडीवर कंट्रोल रूम होती. गच्चीवर डिश, खाली रिसीव्हर आणि प्रत्येक चॅनेलसाठी एकेक मॉड्युलेटर, म्हणजे चॅनेल तारेवर ठरावीक आकड्यावर चढवणारे यंत्र, अशी ती मांडणी होती. तारेवर प्रत्येक अ‍ॅनालॉग चॅनेलला सात ते आठ मेगाहर्ट्झ जागा लागत असल्यामुळे सत्तर-ऐंशी चॅनेलांपुढे आम्हाला जाता येत नसे. पण कोणते चॅनेल कोणत्या आकड्यावर लावायचे, हे अण्णाच ठरवत. एक मॉड्युलेटर गावच्या चॅनेलसाठी राखलेला होता. त्यावर गणेशोत्सवातील आरत्या, यात्रेतील पालखी, नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याच्या वेळा, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार आणि निधनवार्ता दाखवल्या जात. कायद्याने लागणारी नोंदणी मुख्य डाकघरात होत असे. वर्षाला ५०० रुपये शुल्क भरून दाखल्याचे नूतनीकरण करायचे, एवढाच सरकारशी आमचा संबंध होता. त्याखेरीज करमणूक कर तहसील कार्यालयात भरावा लागे. तार, यंत्रणा, ग्राहक आणि गावचे चॅनेल ही चारही अंगे एकाच माणसाच्या हातात होती, आणि त्यांची मालकी कधी वेगवेगळी मोजावी लागेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

२०११ साली केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक चॅनेल सांकेतिक, म्हणजे एन्क्रिप्टेड, रूपातच ग्राहकापर्यंत गेले पाहिजे असे बंधन आले. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी अ‍ॅनालॉग बंद झाले आणि पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर या शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही तारीख होती. आमच्यासारखी नगरपरिषदेची गावे तिसऱ्या टप्प्यात होती. त्यांची मुदत पुढे सरकत ३१ डिसेंबर २०१५ झाली, आणि ग्रामीण भागाची ३१ डिसेंबर २०१६. पुण्यातील आमच्या एका नातेवाइकांचा याच व्यवसायाचा अनुभव आम्ही जवळून पाहिला होता, त्यामुळे २०१५च्या उन्हाळ्यातच आम्ही हालचाल सुरू केली. माझ्या मते शेवटच्या तीन महिन्यांची वाट न पाहिल्याचा आम्हाला सर्वांत मोठा फायदा झाला, कारण दिवाळीनंतर ग्राहकाच्या टीव्हीला लावायचे सेट-टॉप बॉक्सही मिळेनात आणि वायरमनही.

पहिला प्रश्न होता, आपणच डिजिटल कंट्रोल रूम उभारायची की मोठ्या एमएसओकडून, म्हणजे अनेक स्थानिक चालकांना सिग्नल पुरवणाऱ्या मल्टी सिस्टम ऑपरेटरकडून, सिग्नल घ्यायचा? स्वतः एमएसओ होण्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्जासोबत एक लाख रुपये शुल्क होते. ती रक्कम एक वेळ उभी राहिली असती. पण एन्कोडर, मल्टिप्लेक्सर, सांकेतिकीकरणाची यंत्रणा आणि प्रत्येक ग्राहकाची नोंद ठेवणारी संगणक प्रणाली यांचा खर्च हजाराच्या आतबाहेर जोडण्या असलेल्या व्यवसायाला पेलण्यासारखा नव्हता. शेजारच्या तालुक्यांतील चालकांनी एकत्र येऊन कंपनी काढावी असा प्रयत्न झाला, दोन-चार बैठकाही झाल्या, परंतु भांडवल कोणी किती घालायचे यावर तो विषय थांबला. अखेर आम्ही एका एमएसओची निवड केली.

करार वाचायला बसल्यावर या बदलाचे खरे स्वरूप माझ्या लक्षात आले. डिजिटल व्यवस्थेत सिग्नल एमएसओच्या केंद्रातून बंद कुलपात निघतो आणि ग्राहकाच्या बॉक्समध्येच उघडतो. मधल्या तारेवर काय चालले आहे, यात तारेच्या मालकाला हात घालता येत नाही. ग्राहकाचे नाव, पत्ता, त्याने निवडलेली चॅनेल्स आणि त्याचा बॉक्स क्रमांक या सगळ्याची नोंद एमएसओच्या प्रणालीत राहते. जमीन आपण कसायची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, तशी ही स्थिती होती. अण्णांनी मला तेव्हा एकच गोष्ट सांगितली, "तू एकेक ओळ वाच आणि जे आपले आहे ते आपले आहे असे त्यात लिहून घे, तोंडी कोणाचे काही धरू नकोस."

त्याप्रमाणे आम्ही तीन गोष्टींसाठी आग्रह धरला. आमच्या हद्दीतील फायबर, कोॲक्सियल तार, नोड आणि अँप्लिफायर ही आमची मालमत्ता आहे, हे करारात स्पष्ट लिहून घेतले. सोबत खांब आणि गल्ल्यांनुसार यादी जोडली, जी तयार करायला आमच्या वायरमनला पावसाळ्याचा बराचसा काळ लागला. बॉक्सचे पैसे कोणी भरले आणि करार संपल्यावर ते कोणाचे, हेही लिहून घेतले. एका एमएसओचा बॉक्स दुसऱ्याच्या सिग्नलवर चालत नाही. त्यामुळे कागदावर तो आपला असला तरी एमएसओ बदलताना तो निरुपयोगी ठरतो, हे प्रत्येक चालकाने आधीच समजून घ्यावे. तिसरी गोष्ट वाट्याची. परस्पर सहमती झाली नाही तर मूलभूत संचाच्या रकमेचे ५५ टक्के एमएसओला व ४५ टक्के स्थानिक चालकाला, आणि सशुल्क चॅनेल्सच्या बाबतीत ६५ व ३५ टक्के, असे ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२च्या विनियमांत होते. हे आकडे माहीत असल्यामुळे बोलणी करताना आमचा पाय घसरला नाही. सही झालेल्या कराराची प्रत १५ दिवसांत स्थानिक चालकाला देणे हेही एमएसओवर बंधनकारक होते. आमच्याकडे ती वेळेत आली नाही तेव्हा या तरतुदीचा उल्लेख करून मी लेखी पत्र पाठवले आणि त्यानंतर ती मिळाली. पत्र पाठवताना पोचपावती घ्यावी, ही अगदी साधी वाटणारी सूचना मी आवर्जून करते. पुढे मार्च २०१६मध्ये ट्रायने एमएसओ आणि स्थानिक चालक यांच्यातील कराराचे नमुनेच ठरवून दिले आणि आम्ही आमचा करार त्या नमुन्यावर पुन्हा केला. आज नव्याने करार करणाऱ्यांनी ट्रायचा सध्या लागू असलेला नमुना आधी वाचून मगच टेबलावर बसावे.

सप्टेंबर २०१५पासून बॉक्स बसवायला सुरुवात झाली. एका बॉक्सला आम्हाला साधारण १,२०० रुपये पडत होते. बरेचसे ग्राहक एकदम तेवढी रक्कम द्यायला तयार नसल्यामुळे आम्ही पतसंस्थेतून सोनेतारण कर्ज काढले आणि लोकांकडून हप्त्याने पैसे घेतले. प्रत्येक घरी अर्ज भरून, ओळखपत्राची प्रत जोडून, बॉक्सच्या मागचा क्रमांक आणि कार्डाचा क्रमांक अर्जावर उतरवायचा, मग तो संगणकात भरायचा आणि केंद्राकडून बॉक्स सुरू होण्याची वाट पाहायची, असा क्रम होता. हा क्रमांक फार बारीक अक्षरांत असतो. आमच्या मुलांनी तो हाताने लिहिण्याऐवजी मोबाइलवर फोटो काढून आणायला सुरुवात केली, तेव्हापासून चुकीच्या घरी बॉक्स चालू होण्याचे प्रकार थांबले. एका आजींच्या घरी मी स्वतः बसले होते. पडद्यावर बराच वेळ नुसता संदेशाचा आकडा दिसत होता, आणि त्यांची संध्याकाळची मालिका सुरू व्हायची वेळ झालेली होती. चित्र आले तेव्हा त्यांना आनंद झाला, पण रिमोट हातात घेऊन त्यांनी विचारले, "आता माझे सह्याद्री कुठल्या आकड्यावर गेले?" तेव्हापासून आम्ही मोठ्या अक्षरांत नेहमीच्या वीस-पंचवीस चॅनेल्सचे आकडे छापलेला कागद प्रत्येक बॉक्ससोबत देऊ लागलो.

तारेचे कामही सोपे नव्हते. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी पडला की चित्रात मुंग्या येत, तरी बातमी ऐकू येई आणि क्रिकेटचा स्कोअर दिसे. डिजिटलमध्ये तसे मधले काही नसते. चित्र एक तर स्वच्छ येते, नाही तर चौकोन पडून गोठते. त्यामुळे जुने, गंजलेले कनेक्टर आणि जागोजागी जोडलेल्या तारा बदलाव्या लागल्या. नुसती सिग्नलची पातळी नव्हे, तर त्याची शुद्धता मोजणारे डिजिटल मीटर घ्यावे लागले. तारा, अँप्लिफायर आणि मीटर मिळून आमचा अडीच लाखांच्या आसपास खर्च झाला. मीटर भाड्याने घेऊन भागते असे काही जण सांगतात, पण तक्रारी सतत येत असतात, म्हणून स्वतःचे मीटर असणेच परवडते.

३१ डिसेंबर २०१५ जवळ आली तेव्हा देशभरातील उच्च न्यायालयांत मुदतवाढीच्या याचिका दाखल झाल्या आणि अंमलबजावणी लांबली. तो काळ आमच्यासाठी फार ताणाचा होता. ज्यांनी बॉक्स घेतला होता ते पैसे दिल्याबद्दल नाराज होते, ज्यांनी घेतला नव्हता ते आता घ्यायची गरजच नाही असे म्हणत होते, आणि आम्ही एकाच तारेवर दोन्ही प्रकारचे सिग्नल चालवत होतो. वर्षभराच्या या अनिश्चिततेनंतर तिसऱ्या टप्प्याची अंतिम मुदत ३१ जानेवारी २०१७ ठरली. त्या तारखेला आम्ही अ‍ॅनालॉग मॉड्युलेटर बंद केले. अण्णांनी प्रत्येक मॉड्युलेटर स्वतः पुसून, त्यावर चॅनेलचे नाव लिहिलेली चिठ्ठी तशीच ठेवून कपाटात लावला. त्यांना किती वाईट वाटले असेल, हे मला त्यांच्या न बोलण्यावरून कळले.

त्याच दिवशी गावचे चॅनेलही बंद झाले. हे होणार हे आम्हाला माहीत होते, पण गावाला माहीत नव्हते. कोणाच्या घरी निधन झाले की लोक सवयीने आमच्याकडे मजकूर घेऊन येत आणि तो आता दाखवता येत नाही हे सांगताना आम्हाला संकोच होई. कारण कायद्यातच होते. आमच्या टोकाला तारेवर उघडे चॅनेल सोडायला परवानगी नव्हती. ते एमएसओच्या केंद्रात नेऊन, तेथे इतर चॅनेल्सबरोबर कुलूपबंद होऊनच परत यायला हवे होते. त्यासाठी आमच्या कार्यालयातून केंद्रापर्यंत फायबरचा परतीचा मार्ग, एक एन्कोडर आणि त्यांच्या यादीत एक मोकळी जागा हवी होती. एन्कोडर आणि जोडयंत्रणा मिळून चाळीस हजार रुपयांच्या आसपास खर्च आला. जागा मिळायला मात्र पैशांपेक्षा पाठपुरावाच जास्त लागला. २०१७च्या गणेशोत्सवाआधी चॅनेल पुन्हा दिसू लागले. ज्यांना असे करायचे आहे त्यांनी मूळ करारातच स्थानिक चॅनेलची जागा, त्याचे भाडे आणि जाहिरातीच्या उत्पन्नाचा वाटा लिहून घ्यावा, कारण नंतर त्यावर स्वतंत्र बोलणी करणे फार जड जाते.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि केबलवर १८ टक्के कर लागू झाला. फेब्रुवारी २०१९पासून ट्रायची नवी दरपद्धती आली, ज्यात १०० चॅनेल्ससाठी १३० रुपये नेटवर्क शुल्क आणि त्यावर कर, असे १५३ रुपये ४० पैसे झाले आणि सशुल्क चॅनेल्स वेगळी निवडायची होती. त्या जानेवारीत आम्ही रात्री उशिरापर्यंत ग्राहकांच्या याद्या भरत होतो. त्याविषयी बरेच लिहिले गेले आहे, म्हणून येथे थांबते.

मालकीचा प्रश्न पुन्हा पुढे आला तो ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, जेव्हा मंत्रालयाने अशा स्थानिक चॅनेल्ससाठी, ज्यांना आता 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' म्हणतात, मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार अशा प्रत्येक चॅनेलची ऑनलाइन नोंदणी एमएसओने करायची होती आणि तिचे शुल्क १,००० रुपये होते. एका एमएसओला आपल्या एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंतच अशी चॅनेल्स चालवता येणार होती, ही मर्यादा राज्याच्या पातळीवर मोजायची होती, आणि त्याशिवाय प्रत्येक जिल्ह्यासाठी दोन चॅनेल्सची मुभा होती. स्थानिक बातम्या मात्र कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्थेलाच दाखवता येणार होत्या. पडद्यावर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' असे लिहिणे, कार्यक्रमांचे ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवणे आणि तोच मजकूर दुसऱ्या वितरकाला न देणे हे नियमही होते. देवस्थानातील थेट प्रक्षेपणाला या शेवटच्या नियमातून सवलत होती, जी आमच्या गावच्या यात्रेसाठी उपयोगी पडली. पूर्ततेसाठी १२ महिन्यांचा अवधी होता.

आमच्या एमएसओच्या जाळ्यात एकट्या आमच्या जिल्ह्यात अनेक गावांची चॅनेल्स होती. प्रत्येकाला वाटत होते की आपलेच राहावे. मी त्या बैठकांना अण्णांच्या वतीने बसत असे. बऱ्याच चर्चेनंतर लगतच्या तालुक्यांनी एक चॅनेल वाटून घ्यायचे ठरले. सकाळचे दोन तास एका गावाचे, संध्याकाळची वेळ आळीपाळीने, आणि निधनवार्तांची पट्टी सर्वांची सामाईक. अण्णांचा व्यवसाय वैयक्तिक नावावर असल्यामुळे बातम्यांची जबाबदारी कंपनी असलेल्या एमएसओकडे गेली. आम्ही चित्रीकरण करून देतो, पण नोंदणी त्यांच्या नावावर आहे. चॅनेलचे नाव आणि जुने चित्रीकरण आमच्याकडे राहील, हे मी स्वतंत्र पत्राने मान्य करून घेतले. निवडणुकीच्या काळात राजकीय जाहिरात दाखवण्यापूर्वी जिल्हा प्रमाणन समितीची मंजुरी आता एमएसओमार्फत घ्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

येथे मला माझे मत मांडायचे आहे. डिजिटल बदलामुळे ग्राहकाला स्वच्छ चित्र आणि अधिक चॅनेल्स मिळाली, आणि जोडण्यांची खरी संख्या कागदावर आली, हे चांगलेच झाले. परंतु एकाच हातात किती वितरण असावे, यावर ट्रायने २०१३मध्ये केबल क्षेत्रातील मक्तेदारीविषयी आणि २०१४मध्ये माध्यमांच्या मालकीविषयी शिफारशी केल्या होत्या, त्यांवर जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी आमच्यासारख्यांच्या पातळीवर कधी झाली नाही. तालुक्याच्या गावाचा स्वतःचा आवाज कोणाच्या यादीतील मोकळ्या जागेवर अवलंबून राहू नये, असे मला मनापासून वाटते.

१७ जानेवारी २०२५ला नोंदणीची पद्धतही बदलली. डाकघरातील वार्षिक नोंदणी संपून स्थानिक चालकांची नोंदणी मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर, पाच वर्षांसाठी आणि ५,००० रुपये शुल्कात होऊ लागली. अण्णांचे वय पाहता नवी नोंदणी माझ्या नावाने करावी असे घरात ठरले. आधार आणि पॅन यांची पडताळणी संगणकच करतो आणि ती जुळली की प्रमाणपत्र लगेच तयार होते. पण माझ्या पॅनवर माहेरचे नाव होते आणि आधारवर सासरचे. विवाह नोंदणीचा दाखला जोडून पॅनमधील नाव बदलून घेईपर्यंत थांबावे लागले. विवाहित स्त्रियांनी हे आधीच तपासून घ्यावे. अर्जात एमएसओबरोबरच्या चालू कराराचा तपशील आणि हद्द नीट जुळते ना, हेही मी दोनदा पाहिले. अण्णा आणि मी यांच्यात शंभर रुपयांपेक्षा अधिक मूल्याच्या मुद्रांकावर तार व यंत्रणा हस्तांतरित केल्याचा लेख केला, आणि एमएसओबरोबर माझ्या नावाचा करार नव्याने केला. हा क्रम वकिलांना विचारून ठरवला, कारण नोंदणी एकाची आणि करार दुसऱ्याचा अशा स्थितीत सिग्नल थांबवला जाऊ शकतो.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी करावा लागतो. अर्ज नाकारला गेला तर ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते, म्हणून नकाराचा आदेश आणि शुल्काची पावती दोन्ही उतरवून ठेवावीत. बदलाच्या वेळी ज्यांची डाकघरातील नोंदणी चालू होती, त्यांची ती मुदत संपेपर्यंत चालली, आणि नव्वद दिवसांपेक्षा कमी काळ उरला असेल तर त्यांना पोर्टलवर लगेच अर्ज करायचा होता. जुना दाखला, त्याच्या पावत्या आणि दरवर्षीच्या नूतनीकरणाचे शिक्के फेकू नयेत. आमच्या बाबतीत, आमची तार या गावात किती वर्षांपासून आहे हे नगरपरिषदेला खांबांच्या भाड्यासंदर्भात दाखवताना याच कागदांचा उपयोग झाला.